घरगुती की व्यावसायिक?

आमची दृष्टी गेली चार वर्षे हळूहळू मावळते आहे. बिदरच्या न्यायालयात वीस वर्षे वकिली केल्यावर आता अर्जातील अक्षरे आम्हांस मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. सायंकाळी तर तीही दिसत नाहीत. डॉक्टरांनी खोटी आशा लावली नाही, हे त्यांचे उपकारच. तेव्हा पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली संगणकावर घ्यावी, असे घरात ठरले.

ठरले खरे, पण विक्रेत्याच्या पहिल्याच प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. "साहेब, घरगुती आवृत्ती देऊ की व्यावसायिक?" प्रणालीचे नाव 'जॉज'. घरगुती परवाना स्वस्त, परंतु केवळ खाजगी, बिनकमाईच्या वापरासाठी. तिच्यावर ज्यास अर्थार्जन करावयाचे, त्याने व्यावसायिक परवाना घ्यावा. दोहोंच्या किमती ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांनीच काही सांगितले असावे. आम्हांला ते दिसले नाही, पण कळले.

सोबत आलेले आमचे कनिष्ठ सहकारी हळूच म्हणाले, "सर, घरगुतीच घ्या. वाचणार तर आपण घरीच. कोण बघायला येतंय?"

युक्तिवाद मोहक होता. आमची कचेरी घराच्या ओसरीवरच आहे. ज्या संगणकावर पहाटे गुरुचरित्र ऐकावयाचे, त्याच संगणकावर आठानंतर भालकी-हुमनाबादेहून आलेल्या पक्षकारांचे कागद वाचावयाचे. घर कोठे संपले आणि कचेरी कोठे सुरू झाली? सरहद्दीवरच्या माणसाला असल्या रेषांचे फारसे कौतुकही नसते. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बिदर म्हैसूर राज्यात गेले. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू हा आमच्या लोकांचा क्रम काही मोडला नाही. पण करारातील रेषा निराळी. ती आपणच मान्य केलेली असते. "सही करण्यापूर्वी वाचा" म्हणून वीस वर्षे पक्षकारांवर रागावणाऱ्या वकिलाने आपल्याच परवान्यातले कलम न वाचल्याचे सोंग करावे, आणि तेही वाचनाच्याच साधनासाठी!

गंमत अशी, की ह्या प्रणालीच्या नावातले पहिले अक्षर 'जॉब' म्हणजे नोकरीधंद्याचेच आहे. १९७८ मधील मोटार अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकेतील टेड हेंटर ह्यांच्या कंपनीने ती १९८९ साली काढली, आणि 'जॉब ॲक्सेस विथ स्पीच' हे तिचे पूर्ण नाव. अंधाला काम करता यावे म्हणून जन्मलेल्या वस्तूच्या स्वस्त आवृत्तीत कामच वर्ज्य! कंपनीलाही पोट आहे, हे आम्ही जाणतो. तरी रुखरुख लागली ती लागलीच.

महागडा परवाना तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हता. अखेर आम्ही 'एनव्हीडीए' घेतली. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन ह्या अंध तरुणाने २००६ साली ती सुरू केली. पुढे जेम्स तेह हे दुसरे अंध गृहस्थ येऊन मिळाले. तिचा परवाना जीपीएल नावाचा. तो आम्ही मुलाकडून तीनदा वाचवून घेतला. घर की कचेरी, कमाई की भक्ती, असे तो विचारीत नाही. मूल्य शून्य, देणगी ऐच्छिक. घरगुती 'जॉज'साठी बाजूला काढलेल्या रकमेतून आम्ही ती पाठविली, तेव्हा कोठे झोप लागली.

तिच्यासोबत येणारा आवाज मराठी वाचतो, कन्नड वाचतो, कोकणीही वाचतो. मात्र तिन्ही पत्र्यावर खडे पडल्यासारख्या. छायाचित्र करून पाठविलेल्या निकालपत्रापुढे तो मुका होतो. जुन्या 'नुडी' टंकातील कन्नड अर्ज पुढे आला, तर मंत्रभ्रष्ट भटजीसारखा भलतेच बरळतो. असे कागद आमचे तेच सहकारी आता रोज सायंकाळी नव्याने टंकून देतात. "कोण बघायला येतंय" हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

गेल्या गुरुवारी पहाटे आम्ही गुरुचरित्र लावले. यंत्र ओवीच्या चरणाशी थांबत नाही, धावत सुटते. सौभाग्यवती देवघरातून म्हणाल्या, "अहो, जरा सावकाश वाचायला सांगा त्याला. गाणगापूर अजून यायचंय."