झाकणाच्या आतला कागद

हॉकीची लाकडी स्टिक. तुतीच्या लाकडाची, मुठीत वेत बसवलेली. दिघीच्या आमच्या घरात दाराआड उभी असते. वाकाला चीर गेली म्हणून सुतळी आवळून वरून सरस भरला होता. तो सरस आता पिवळा, काचेसारखा झालाय. नख लावलं की टवका उडतो. मुठीवरच्या पट्टीला अजून घामाचा वास येतो, निदान मला येतो. खडकीतल्या पोरांकडे अशाच स्टिक असायच्या. धनराज पिल्ले त्यांतलाच. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करणारे, घरात पाच भाऊ, मोडक्या स्टिक बांधून चिखलात खेळणं. त्या स्टिकवरून तो चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्डकप खेळून आला. आता कार्बनच्या स्टिक आल्या आणि टर्फवर त्याच चालतात. लाकडी स्टिक दुकानात मागितली तर दुकानदार मुलांच्या खेळण्यांचं कपाट दाखवतो.

मुरमाचं मैदान. दत्तगडाच्या पायथ्याशी माळ होता, त्याच्या पलीकडे लष्कराची हद्द. शनिवारी संध्याकाळी दगड वेचायचे, पाणी मारायचं, रविवारी पहाटे फक्की टाकायची. ‘डी’ची कमान सरळ हाताने कुणाला येत नाही. आमचे मास्तर गोलाच्या खांबाला दोरी बांधून तिच्या दुसऱ्या टोकाने फक्की सोडत मागे मागे सरकायचे आणि कमान अशी उमटायची की तिच्यावर पाय द्यायचा धीर होत नसे. मास्तर खडकीच्या कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी सुटली की सायकलवरून दिघीला. शिकवायचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, कुणी दिलेही नाहीत. ज्येष्ठात माऊलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे गेली की मैदानाचा चिखल व्हायचा; मग दोन महिने नुसतं बसून खेळाच्या गप्पा. 1997 साली गाव महापालिकेत गेलं आणि पुढच्या काही वर्षांत माळावर इमारती उभ्या राहिल्या. गोलाचे खांब होते तिथे आता पार्किंग आहे.

बुली. मध्यभागी दोघे समोरासमोर, जमीन-स्टिक, जमीन-स्टिक, जमीन-स्टिक, आणि मग झटापट. सामना सुरू करायची ती रीत गेली. खेळ आता मधल्या पासने सुरू होतो.

पस्तीस मिनिटांचा हाफ, आणि मध्यंतरात मीठ लावलेली लिंबाची फोड. 2014 पासून आंतरराष्ट्रीय सामने पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार तुकड्यांत खेळले जातात. खेळ वेगवान झाला, बघायलाही चांगला झाला. पण शेवटच्या दहा मिनिटांत दमलेल्या फुलबॅकला चुकवून जाणारा लेफ्ट आउट आता दिसत नाही. ‘लेफ्ट आउट’ हा शब्दही माझ्या वयाची माणसंच वापरतात.

रेडिओ. 15 मार्च 1975, क्वालालंपूर, वर्ल्डकपचा अंतिम सामना, पाकिस्तानवर 2-1. जसदेव सिंग यांचा आवाज. आमच्या आळीत एकच मोठा रेडिओ होता, तो ओट्यावर आणून ठेवला होता आणि माणसं पार रस्त्यापर्यंत उभी होती. पंधरा वर्षांचा होतो. चेंडू कुठे आहे ते कुणालाच दिसत नव्हतं, तरी सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळत होत्या.

ट्रंकेच्या झाकणाच्या आतला कागद. हा मी कुणाला फारसा दाखवत नाही. पत्र्याची हिरवी ट्रंक, वडिलांची. तिच्या झाकणाला आतून खळीने एक फुलस्केप कागद चिकटवलाय. त्यावर भारतीय संघाच्या कोचची नावं आहेत, पेन्सिलीने, एकाखाली एक. कोच गेला की नावावर रेघ मारायची, शेजारी साल घालायचं आणि खाली नवं नाव लिहायचं. हा उद्योग सुरू झाला तो 1998 च्या डिसेंबरमुळे. बँकॉकला एशियाडचं सुवर्ण, बत्तीस वर्षांनी. कप्तान आमचा धनराज. खडकीत फटाके वाजले, ते दिघीपर्यंत ऐकू आले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत धनराजसह कितीतरी जण संघाबाहेर, कोच एम. के. कौशिकही बाहेर! जिंकून आलेला कोच. त्या रात्री मी पेन्सिल घेतली ती रागाने.

पुढची नावं वाचतो. भास्करन, सिडनी 2000. पोलंडने अगदी शेवटाला बरोबरी साधली आणि सेमीफायनल गेली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. राजिंदर सिंग, 2004, अथेन्स तोंडावर आलं असताना रेघ. त्यांच्या जागी जर्मनीचे गेरहार्ड राख, ऑलिंपिकला काही आठवडे उरले असताना. सातवा क्रमांक. धनराजची ती शेवटची ऑलिंपिक, शेवटच्या सामन्यात त्याला मोजकी मिनिटं मिळाली. मग मुंबईचे योआकिम कार्व्हालो. 2007 ला चेन्नईत एशिया कप जिंकला, आणि पुढच्याच मार्चमध्ये चिलीत पात्रता सामन्यात ब्रिटनकडून 0-2. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ऑलिंपिकला भारताचा हॉकी संघ नाही. त्यांनी राजीनामा दिला. त्या रेघेपाशी पेन्सिलीचं टोक मोडल्याचा ठिपका आहे.

ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स. स्पेन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स. व्हॅन आस 2015 मध्ये आले आणि त्याच वर्षी गेले. मारीन्ये यांचं नाव 2017 ला लिहिलं, 2018 ला खोडलं. त्यांच्या जागी हरेंद्र सिंग, आणि मारीन्ये परत महिला संघाकडे. भुवनेश्वरच्या वर्ल्डकपला क्वार्टरफायनल हरलो आणि हरेंद्रही गेले.

मग एक नाव रेघेविना टिकलं. ग्रॅहम रीड, 2019 पासून. करोनातही संघ एकत्र, कोच तोच. 5 ऑगस्ट 2021, टोकियो, जर्मनीवर 5-4, एकेचाळीस वर्षांनी पदक. मला जे सांगायचं आहे ते हेच: कोचला वेळ दिला की संघ उभा राहतो. एका सामन्यावरून माणूस काढणं म्हणजे रोप रुजलं का ते उपटून बघणं. रीड यांनाही 2023 च्या वर्ल्डकपला न्यूझीलंडविरुद्ध क्रॉसओव्हर शूटआउटमध्ये गमावल्यावर जावं लागलं. मी रेघ मारली, पण हात जड झाला होता. खाली क्रेग फुल्टन. त्यांच्या हाताखाली पॅरिसला पुन्हा कांस्य.

कारखान्यांच्या टीम. भोसरीत, पिंपरीत, खडकीत. हॉकी चांगली खेळतो म्हणून नोकरी लागायची आणि मॅचच्या दिवशी पाळी बदलून मिळायची. आता भरती कंत्राटी. कंत्राटी पोराला पाळी बदलून कोण देणार?

पुणे स्ट्रायकर्स. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकीतला आपला संघ. फायनलपर्यंत गेला, तिथे शेर-ए-पंजाबकडून हरला. दुसरा हंगाम झालाच नाही. नंतरच्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबईचा संघ होता. 2017 ला फायनलला पोचला आणि लीगच थांबली. डिसेंबर 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते, महाराष्ट्राचा एकही नाही. बंगाल, ओडिशा, तमिळनाडू, हैदराबाद, सगळे आहेत. ज्या राज्याने धनराज दिला, त्याने कुणासाठी ओरडायचं? मी बंगाल जिंकलेला बघितला. टाळ्या वाजवल्या, पण घसा बसला नाही.

पेनल्टी स्ट्रोक. म्हणजे बरोबरीनंतरचे ते पाच स्ट्रोक. बँकॉकच्या फायनलला आशिष बल्लाळ गोलात उभा होता, कोरियाचा माणूस चेंडूवर वाकलेला, आणि घड्याळ थांबल्यासारखं वाटत होतं. आता शूटआउट: गोलकीपरसमोर एकटा खेळाडू, आठ सेकंद. हे कसब मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आठ सेकंदांत देवाचं नावही पुरतं घेऊन होत नाही.

हे मी जवळून अनुभवलं ते मार्च 2024 मध्ये. नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम. आम्ही अजून त्याला पॉलीग्रासच म्हणतो. दिघीहून भोसरीमार्गे फार लांब नाही. राष्ट्रीय महिला स्पर्धेची फायनल, महाराष्ट्र विरुद्ध हरियाणा. बरोबरी, मग शूटआउट, आणि त्यात आपल्या मुली हरल्या. माझ्या पुढच्या ओळीत एक बाई होत्या, गुडघ्यावर पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरलेली. शेवटच्या प्रयत्नानंतर त्यांनी झाकण उघडलं, घोटभर पाणी प्यायलं, झाकण लावलं, आणि मग रडल्या. स्टँडमध्ये कितीतरी जागा रिकाम्या होत्या.

फलटणकडच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या. गावच्या मुली, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या. म्हणजे खेळ गेलेला नाही. त्याचं खडकी-दिघीतलं घर तेवढं गेलं.

फक्कीची दोरी. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलाने ती मला आणून दिली. एका टोकाला गाठ, त्या गाठीत अजून पांढरी भुकटी. ती मी ट्रंकेतच ठेवलीय. परवा ठेवताना झाकणाकडे लक्ष गेलं. त्या कागदावर सहा देशांच्या कोचची नावं आहेत, सालांसकट. ज्या माणसाने मला स्टिक धरायला शिकवलं, त्याचं नाव नव्हतं. त्याला कुणी नेमलं नव्हतं, म्हणून कुणी काढलंही नव्हतं, म्हणून ते कधी लिहायचं सुचलंच नाही. कौशिकांच्या वर बोटभर जागा होती. तिथे मास्तरांचं नाव घातलं, पेनने.

तुमच्याही वसाहतीत असं कुणी होऊन गेलं असेल. त्यांचं नाव कुठेतरी लिहून ठेवा. आणि नेहरूनगरला मॅच असली तर या, जागा असते.