‘आपला’ टॅक्सीवाला

मुंबईला निघालेल्या माणसाचा फोन आला की त्याचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. टाटा हॉस्पिटलला जायचं असो, उमऱ्याचं विमान पकडायचं असो की जे.जे.त कुणाला पाहायला जायचं असो, सगळी चौकशी झाली की आवाज जरा खाली येतो. “बाजी, तिकडे आपला कुणी ओळखीचा टॅक्सीवाला आहे का?” ‘आपला’ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असतं आणि मलाही. मी मुंबईत शिकले, नोकरीची पहिली वर्षंही तिथेच गेली, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात.

त्यामागची भीती खोटी नाही. पहाटे गाडीतून उतरलेली बुरख्यातली बाई, कडेवर मूल, हातात रिपोर्टची फाईल, बोलणं दखनी. तिला भरवशाचा माणूस हवा असतो आणि भरवसा कशावरून ठरवायचा, तर नावावरून. दुसरं काही तिला कुणी शिकवलेलंच नसतं.

आता नाव तर आधीच कळतं. मोबाईलवर गाडी बोलावली की चालकाचा फोटो, नाव आणि गाडीचा नंबर येतो. ही सोय सुरक्षेसाठी केलेली. पण २०१८ साली लखनौत एका प्रवाशाने चालकाचं मुस्लिम नाव पाहून गाडी रद्द केली आणि वर ते समाजमाध्यमावर जाहीरही केलं. तेव्हा आपल्या घराघरांत त्यावर किती बोललं गेलं! मीही बोलले. स्टाफरूममध्ये दोन दिवस तोच विषय होता. मग आपल्या घरातही मोबाईल हातात घेऊन “हा नको, दुसरा बघ, आपला मिळतो का” असं चालतं, त्याला काय म्हणायचं? मी हे एका लग्नघरी बोलून दाखवलं तेव्हा एक चाचा म्हणाले, “टीचर, तो द्वेष आहे, ही भीती आहे.” फरक आहे, मान्य. पण ज्या चालकाची गाडी रद्द झाली, त्याच्या खिशाला तो फरक कळत नाही.

बरं, आपला म्हणून घेतलेला तरी स्वस्त पडतो का? आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाला सीएसएमटीजवळच्या हज हाऊसपासून विमानतळावर जायचं होतं. ओळखीतून माणूस सांगितला. काळीपिवळी टॅक्सी, मीटर बंद, पंधराशे रुपये, वर “घरचे म्हणून कमी घेतले”. हे उदाहरण मी नववीच्या वर्गात फळ्यावर घातलं. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्यापिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. अंतर पंचवीस किलोमीटर धरा. साडेतेवीस गुणिले २०.६६, अधिक ३१. पोरांनी उत्तर काढलं, ५१६ रुपये आणि वर काही पैसे. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत सव्वापट, म्हणजे ६४५. सिग्नलला थांबण्याचे थोडे जास्त धरा. एक मुलगी म्हणाली, “मग बाकीचे पैसे कशाचे?” मी म्हटलं, ओळखीचे.

मुंबईची टॅक्सी आणि रिक्षा यांच्याबद्दल मला खरं कौतुक आहे ते याच गोष्टीचं: मीटर. पूर्वी पद्मिनी टॅक्सीच्या बाहेर बसवलेलं लोखंडी मीटर असायचं. त्यावर दिसणारा आकडा म्हणजे भाडं नव्हे. चालक भाड्याचं छापील कार्ड काढून दाखवायचा आणि नवखा माणूस गोंधळायचा. आता इलेक्ट्रॉनिक मीटरवर अंतर आणि रुपये थेट दिसतात. (शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. मागची सीट आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यापेक्षा ऐसपैस होती.) मीटरला तुमचं नाव विचारता येत नाही. तुम्ही बसलात की ‘मीटर टाका’ म्हणायचं आणि तो शून्यापासून नव्हे तर किमान भाड्यापासून सुरू झाला ना, एवढं बघायचं. मराठवाड्यातल्यांना एक सांगते. आपल्याकडे काळीपिवळी म्हणजे पंधरा माणसं कोंबलेली जीप. तिथे ती फक्त तुमच्यासाठी असते, मध्येच दुसऱ्याला घ्यायला लागला तर नाही म्हणा.

दुसरी गोष्ट भूगोलाची. रिक्षा उपनगरांत चालते, वांद्रे आणि शीवच्या अलीकडे. त्यापुढे दक्षिणेला रिक्षा नाही, टॅक्सीच. दादरला उतरून रिक्षा शोधणारे लोक दरवेळी भेटतात आणि तेच दलालाच्या हाती लागतात, कारण हा माणूस नवखा आहे हे त्या एका शब्दावरून कळतं. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, तेही मीटरनेच. कुर्ल्याच्या टर्मिनसला उतरणाऱ्यांना दारातच घेरलं जातं आणि तिथे मीटरचं नावही कुणी काढत नाही. सामान थोडं असेल तर टिळकनगर स्टेशन जवळच आहे, हार्बरची लोकल पकडा.

लोकलची भीती घालून घेऊ नका. सीएसएमटीहून परळला दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपये, आणि सकाळी सहा-सातला उतरलात तर परळकडे जाणाऱ्या गाडीला गर्दी बेताची असते. बायकांच्या डब्यात तर मी डोळे मिटून बसते. तिथल्या बायका एकदा का “टाटाला जायचंय” हे ऐकलं की तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतात, वर पुढचा रस्ताही समजावतात. बेस्ट बसही चांगली. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांची तिथे एक अडचण होते. बसच्या पुढच्या बाजूला नंबर मराठी आकड्यांत असतो आणि आपली मुलं उर्दू नाहीतर इंग्रजी आकड्यांना सरावलेली. मी पाचवीपासूनच तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून घेते. निरीक्षणाला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, हे कशाला? मी म्हटलं, बस चुकू नये म्हणून.

विमानतळासाठी आता सीएसएमटीपासून थेट भुयारी मेट्रोही आहे, २०२५ च्या ऑक्टोबरात ती पूर्ण सुरू झाली. पण उमऱ्याला जाणारा एक आणि सोडायला येणारे अकरा, हा आपला हिशोब मेट्रोत बसवणं अवघड. परत येताना झमझमचे कॅन आणि बॅगा असल्या तर विमानतळावरच्या प्रीपेड काउंटरची पावती घ्या. पैसे आधी ठरतात, घासाघीस नाही.

भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार गुन्हा आहे, हे सांगितलं की लोक हसतात. हसा, पण टॅक्सीचा नंबर लिहून घ्या. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवा, आणि चालकाला दिसेल असा काढा. चांगल्या चालकाला राग येत नाही. मागच्या रमजानमध्ये एकजण मला म्हणाला, “निकालिये मैडम, मेरी बेटी को भी मैंने यही सिखाया है.” गाडीच्या काचेवर गणपती होता. इफ्तारची वेळ झाली तेव्हा त्याने न विचारता गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली मागे दिली. मीटर चालूच होता, आणि त्या थांब्याचे पैसे मी दिले, त्यानेही घेतले.

म्हणून फोन करणाऱ्यांना मी आता माणसाचं नाव देत नाही. कुठे उतरणार आणि किती वाजता, ते विचारते आणि त्याप्रमाणे लोकल, बस की टॅक्सी ते सांगते. टाटाला जाणाऱ्यांना एकच जास्तीचं सांगते: फाईल डिकीत ठेवू नका, मांडीवर घ्या.