भिंतीवरची बेरीज

आमच्या आईला लिहून ठेवण्याचा भारी कंटाळा. दिवाळीला आम्हा तिघा भावंडांना ती फटाक्यांसाठी पैसे देई. पण कोणाला किती दिले, हे कधी लिहीत नसे. तिघांची मिळून बेरीज तेवढी स्वैपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने मांडून ठेवी. एका वर्षी धाकट्याने आपले पैसे वाटेत पाडले आणि "पंधरा होते" म्हणून भोकाड पसरले. आईने भिंतीकडे पाहिले. एकूण २४, ताईचे ७, माझे ५. "बारा होते रे लबाडा!" म्हणत तिने मोजून बारा रुपये त्याच्या हातावर ठेवले.

पुढे माझे पोट याच हिशेबावर चालणार आहे, असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. मी डिस्कांची राखण करतो. लोकांच्या लग्नाचे फोटो, कचेऱ्यांची दप्तरे हजारो डिस्कांवर पसरलेली असतात, आणि डिस्क ही जात मोठी बेभरवशाची! जुना उपाय म्हणजे प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती ठेवणे. पण मग जागाही तिप्पट लागते.

१९६० साली अमेरिकेतल्या एम. आय. टी.च्या लिंकन प्रयोगशाळेतील अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी एक पाच पानी लेख छापला. वाटेत बिघडलेला निरोप पुन्हा नीट कसा लावावा, याचे ते गणित. तेच आज 'इरेजर कोडिंग' या नावाने डिस्कांच्या कामी येते. फाइलचे दहा तुकडे करायचे आणि त्यांच्या चार बेरजा मांडायच्या. नुसती बेरीज एकच हरवलेला आकडा परत देते. म्हणून प्रत्येक वेळी तुकड्यांना निराळ्या आकड्यांनी गुणून मग बेरीज करायची. हे चौदा जण चौदा यंत्रांवर ठेवले, की त्यांतले कोणतेही चार गेले तरी उरलेल्या दहांतून सारे परत मिळते. जागा लागते अवघी १.४ पट. फेसबुकने २०१४ साली आपल्या जुन्या फोटोंच्या कोठाराची माहिती प्रसिद्ध केली, तिच्यातही हाच दहा-चारचा हिशेब होता.

मात्र एक तुकडा नव्याने घडवायचा, तर दहा तुकडे वाचावे लागतात. हे काम वेळखाऊ, म्हणून आळस होतो. एका शनिवारी एक डिस्क गेली. अजून तीन जाईपर्यंत भीती नाही, असे म्हणून मी घरी गेलो. सोमवारी पाहतो तो त्याच चौदांतल्या आणखी दोन गेलेल्या! ती दुरुस्ती पुरी होईपर्यंत मी चहालाही उठलो नाही. वस्तू टिकते ती मोडत नाही म्हणून नव्हे. मोडलेले वेळेवर भरून काढले म्हणून.

गेल्या वर्षी आई गेली. तिने अनारशांचे प्रमाणही कुठे लिहून ठेवलेले नाही. ताईला पीठ आठवते, धाकट्याला गूळ, मला तुपाचा वास. घराला रंग दिला तेव्हा भिंतही पुसली गेली. या भाऊबीजेला मात्र मी वही घेऊन जाणार आहे. आम्ही तिघे आहोत, तोवर बेरीज मांडून ठेवली पाहिजे.