एका वेलांटीचा फरक

मी मराठीचा एम. ए. रसायनशास्त्राशी माझा संबंध वेळापत्रकात तास लावण्यापुरता. चार वर्षांपूर्वी सौ.ना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला आणि फाईलवर 'सिस्प्लॅटिन' हा शब्द आला. आठवड्यातून एकदा ते सलाईनमधून द्यायचे. सिस्टर आमच्याशी मराठीत बोलत, शेजारच्या खाटेशी कन्नडमध्ये. पण या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत 'औषध' एवढाच.

अखेर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी खडू घेतला. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू, त्याला दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. संपला रेणू! पेरोने यांनी तो १८४५ साली बनवला, पण त्याचे मोल कळायला १९६५ साल उजाडले. अमेरिकेत रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, ते नुसते लांबत गेले. करामत विजेची नव्हती. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांची होती. १९७८ मध्ये तिथे औषधाला मान्यता मिळाली.

पेशीत शिरल्यावर क्लोरीन सुटतात आणि प्लॅटिनम डीएनएतली शेजारशेजारची दोन 'जी' अक्षरे घट्ट धरतो. पिळाला बाक येतो, नक्कल अडते, दुरुस्ती जमली नाही तर पेशी मरते. तेच अणू, पण दोन क्लोरीन शेजारी नसून समोरासमोर असले, तर ही गाठ बसत नाही, औषध निकामी.

"सर, तुमच्या 'दिन' आणि 'दीन'सारखं," ते म्हणाले. तिथे मला रसायनशास्त्र कळले.

पण हा रेणू अक्षर धरतो, मजकूर वाचत नाही. रोगट पेशीत तीच अक्षरे, निरोगी पेशीतही तीच. मूत्रपिंडे जपायला सलाईनच्या बाटल्या चढवल्या. कान जपता आले नाहीत. १९९८ साली कॅलिफोर्नियात डर्वन यांच्या गटाने डीएनएच्या अरुंद खाचेत बसून अक्षरांच्या जोड्या ओळखणारे कृत्रिम रेणू दाखवले. म्हणजे वाचून मग धरणारे! त्या वाटेने नेमके औषध यावे, असे मनापासून वाटते.

सौ. बऱ्या आहेत. बारीक, उंच आवाज मात्र त्यांना ऐकू येत नाहीत. नात घरभर धावू लागली, की त्या तिच्या पैंजणांकडे टक लावून बघत बसतात.