परतणाऱ्या शरीराची वये

पोहण्याचा आणि सायकलीचा सराव सुटला की शरीरातले सगळेच एका वेगाने जात नाही, आणि पंधरा-वीस वर्षांनी तो पुन्हा धरला तर सगळे एका वेगाने परतही येत नाही. पाण्यावर तरंगणे आणि दोन चाकांवर तोल सांभाळणे पहिल्याच दिवशी जमते. दम यायला आठवडे लागतात. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा वाढीव ताणाला तयार व्हायला महिने घेतात. परतणाऱ्या माणसाची बरीचशी दुखणी या तफावतीतून निघतात: हातपाय जुन्या सवयीने कामाला लागतात आणि बाकीचे शरीर मागे राहते.

महाराष्ट्रात आज पन्नाशीत असलेल्या बऱ्याच जणांनी ही दोन्ही कौशल्ये शिकवणीविना मिळवली. गावाकडे मे महिन्याची सुट्टी लागली की विहिरीवर गर्दी होई. पोराच्या पाठीला तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा, वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे ओंडके बांधत, आणि काठावरचा मामा किंवा चुलता त्याला आत ढकलून देई. काही दिवसांत डबा सुटे. पुढच्या सुट्टीत मुटका आणि सूर. सायकलीचेही तसेच. घरातली सायकल मोठ्या माणसाच्या मापाची, २८ इंची चाकांची. सीटवर बसले तर पाय पुरत नसत, म्हणून आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवरून, आणि उंची वाढली की सीटवर. ज्यांच्या घरी सायकल नव्हती ते दुकानातून तासाच्या भाड्याने आणत आणि वेळ संपण्याच्या धाकाने जोरात हाणत. पुण्यासारख्या शहरात तर शाळा, कॉलेज, कारखाना सारे सायकलवरच चाले. याला तेव्हा कोणी व्यायाम म्हणत नसे, त्यामुळे तो सुटला तेव्हाही काही सुटल्याचे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

विहिरीत शिकलेल्याचे पोहणे तलावात लगेच ओळखू येते. मान पाण्याबाहेर ताठ, डोळे समोर, पाय खाली लोंबकळलेले. विहिरीत ही पद्धत योग्यच असते: वरून कोण उडी टाकतो यावर नजर ठेवावी लागते, आणि काठ कधीच लांब नसतो. तलावात मात्र पंचवीस किंवा पन्नास मीटरची सरळ रेघ कापायची असते. माणसाची छाती हवेमुळे तरंगते आणि पाय जड असल्याने बुडू पाहतात. मान जितकी वर, तितके पाय खाली. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट आहे, आणि त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तिरक्या झालेल्या शरीराला हा सगळा अडथळा छातीवर घ्यावा लागतो. अशा हालचालींची घडण लहान मेंदूत आणि मेंदूच्या तळाच्या केंद्रकांत होते, शब्दांत सांगता येणाऱ्या आठवणींपासून वेगळी, आणि ती अनेक दशके टिकते. पण तिथे बरोबर-चूक अशी निवड नसते. जे हजार वेळा केले ते राहते. त्यामुळे चाळिशीत तलावावर परतलेल्याचे जुने पोहणे परत येते तेव्हा त्यातल्या खोडीही त्याच्याबरोबर परत येतात.

खंड बहुधा ठरवून पडत नाही. नोकरीची पाळी आणि तलावाची वेळ जुळत नाही, दारात दुचाकी येते, बिऱ्हाड बदलते, मूल होते. सायकल आधी जिन्याखाली जाते, मग गच्चीवर.

सरावलेल्या शरीरातून दम किती लवकर जातो, हे अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नीट दिसते. चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी ८४ दिवस सराव थांबवला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ते मोजमाप पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी उतरले आणि आठ आठवड्यांअखेर १६ टक्क्यांवर जाऊन थांबले. सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्तामुळे होती. सराव थांबला की रक्तातला द्रव घटतो, हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि त्याच कामाला ठोके जास्त लागतात. त्यानंतर स्नायूंतली प्राणवायू वापरणारी विकरे ओसरतात. मात्र सरावाने स्नायूंत विणले गेलेले केशवाहिन्यांचे जाळे त्या ८४ दिवसांत जवळजवळ जसेच्या तसे राहिले. तीन महिन्यांच्या खंडात जे हरवते त्यातले पहिले नुकसान असे रक्तातल्या पाण्याचे असते, आणि तेच सर्वांत लवकर भरून निघते. सराव पुन्हा सुरू झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत अचानक हलके वाटू लागते, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी यालाच द्यायला हवे. स्नायूंनी त्यात अजून फारसे काही केलेले नसते.

खंड काही महिन्यांऐवजी तीस वर्षांचा असेल तर काय होते, याचे उत्तर डॅलसच्या एका विलक्षण प्रयोगाने दिले आहे. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. नंतर त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेतला तेव्हा ती मूळ पातळीच्याही वर गेली. तेच पाचजण १९९६ मध्ये पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. वजन वाढलेले, चरबी दुप्पट झालेली. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जे नुकसान केले होते, ते विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलेल्या नुकसानापेक्षा कमी भरले. मग सहा महिने हळूहळू वाढत जाणारा सराव झाला आणि पाचही जण १९६६ मधल्या खाटेवर झोपण्याआधीच्या पातळीला पोहोचले. व्यायामानंतर गाठलेले तेव्हाचे शिखर मात्र एकालाही गाठता आले नाही. आणखी एक गोष्ट मोलाची. पन्नाशीतली ही सुधारणा हृदयाने जास्त रक्त फेकून साधलेली नव्हती. आलेल्या रक्तातून स्नायू जास्त प्राणवायू काढून घेऊ लागले होते. पाच माणसांवरचा प्रयोग लहानच म्हणायचा, पण त्याच माणसांकडे तीस वर्षांनी परत जाण्याइतकी चिकाटी संशोधनात क्वचित दिसते.

तलावात परतल्यावर पहिल्या दोन लांब्यांतच जी धाप लागते, तिचा दोष सगळा फुप्फुसांचा नसतो. सराव तुटलेला माणूस तोंड पाण्यात गेले की श्वास कोंडून धरतो आणि मान वळवल्यावर सोडणे व घेणे दोन्ही एकदम उरकू पाहतो. रक्तात कर्बवायू साठतो. गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यानेच होते, प्राणवायू तेव्हा पुरेसा असतोही. यावर उपाय साधा आहे: नाकातोंडाने पाण्यात सावकाश, सलग बुडबुडे सोडत राहणे आणि वळताना फक्त घेणे. तलावाच्या कठड्याला धरून नुसता हा सराव आठवडाभर केला तरी फरक पडतो. पण पट्टीच्या जुन्या पोहणाऱ्याला लहान मुलांच्या शेजारी उभे राहून बुडबुडे काढणे जड जाते, आणि नेमका तोच भाग गाळला जातो. मनगटावरचे घड्याळही पाण्यात दिशाभूल करते. आडव्या स्थितीत आणि पाण्याच्या दाबाखाली रक्त हृदयाकडे सहज परतते, त्यामुळे तेवढ्याच कष्टाला ठोके जमिनीवरच्यापेक्षा साधारण दहाने कमी पडतात. सायकलीवरचा आकडा पाण्यात गाठायला गेलेला माणूस नकळत जास्त जोर लावतो.

वाढलेल्या वजनाला पाणी चालवून घेते. चरबी पाण्याहून हलकी, त्यामुळे स्थूल माणूस सडपातळ माणसापेक्षा चांगला तरंगतो. सायकल मात्र हिशेब लगेच मागते. सपाट रस्त्यावर सुटका होते, कारण तिथे मुख्य झुंज हवेशी असते. कात्रजच्या जुन्या घाटात किंवा सिंहगडाच्या चढावर प्रत्येक जादा किलो वर चढवावा लागतो. म्हणून पहिले काही आठवडे आठवड्यातून तीनदा पोहणे आणि एक-दोनदा सपाटीवरची सायकल, घाट त्यानंतर, हा क्रम शहाणपणाचा ठरतो. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटे करतात, कारण घाट चढल्याचे लोकांना सांगता येते.

नव्या सायकलीवर जुनी सवय वेगळ्या रूपाने उभी राहते. पूर्वीची लोखंडी सायकल वीस किलोच्या आसपास, एकाच गिअरची. चढ आला की उभे राहून सगळे अंग पायडलवर टाकायचे. आज हातात गिअरची हलकी सायकल आली तरी असा माणूस जड गिअर लावून मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांनी रेटत राहतो. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर येणारा भार त्याने वाढतो. हलका गिअर लावून ऐंशीच्या आसपास फिरवायला लागले की पाय रिकामे फिरताहेत असे वाटते. ते तसे वाटणे महिनाभर सोसावे लागते. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेले असता पाय सरळ व्हावा, एवढी उंची सुरुवातीला पुरे. बैठकीच्या हाडांची दुखी दोन-तीन आठवड्यांत आपोआप कमी होते. ती टाळायला घेतलेली फार मऊ, जाड सीट लांबच्या फेरीत उलट त्रास देते, कारण हाडे आत रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. गच्चीवरून खाली आणलेली जुनी सायकल चालवायची असेल तर आधी टायरच्या भेगा, ब्रेकची कडक झालेली रबरे आणि गंजलेल्या केबल बदलाव्यात. साखळीला तेल घालून भागत नाही.

खरी सबुरी लागते ती कंडरांसाठी. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेमागच्या कंडरेचे वय मोजले. गेल्या शतकाच्या मध्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या ऊतींतही उतरला होता. त्याच्या प्रमाणावरून ऊती कधी बनली ते कळते. असे आढळले, की या कंडरेचा गाभा सतराव्या वर्षाच्या सुमारास बनून पुरा होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, रक्तातला द्रव काही दिवसांत वाढतो, आणि ज्या कंडरेने हाफ पायडल मारले तीच कंडरा पन्नासाव्या वर्षी घाट चढते. कंडरा भाराला प्रतिसाद देत नाही असे नाही. ती ताठर आणि बळकट होते, पण स्नायूच्या मानाने सावकाश. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दम आणि ताकद दोन्ही आलेली असताना पोहणाऱ्याचा खांदा आणि सायकल चालवणाऱ्याचा गुडघा धरतो, तो यामुळे. हाडांची गोष्ट आणखी निराळी. पाणी शरीर उचलून धरते, सायकल बसवून ठेवते. दोन्हींत हाडांवर भार फार कमी येतो. नुसत्या या दोन व्यायामांवर राहणाऱ्याने जोडीला चालणे आणि थोडे वजन उचलणे ठेवलेले बरे.

परतण्याच्या गाजलेल्या कथा उमेद देतात, मोजपट्टी म्हणून कामाच्या नाहीत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी सुवर्ण जिंकले. मिलिंद सोमण तरुणपणी राष्ट्रीय जलतरण विजेते होते. २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी झुरिकची आयर्नमॅन ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत पुरी केली. अमेरिकेची डॅरा टॉरेस १९९२ नंतर सात वर्षे पाण्याबाहेर राहून सिडनी ऑलिम्पिकला उतरली, आणि २००८ मध्ये ४१ व्या वर्षी बीजिंगला ५० मीटरमध्ये तिचे सुवर्ण एका शतांश सेकंदाने हुकले. ५० मीटरचा झपाटा आणि दीड किलोमीटरची लांबण यांतला भेद इथे ध्यानात ठेवावा. झपाट्यात कौशल्य आणि ताकदीचा वाटा मोठा, आणि ती दोन्ही दमापेक्षा जास्त काळ टिकतात.

जे सरावाने परत येत नाही तेही ठाऊक असलेले बरे. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर उतरत जाते. २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा केले की अंदाजे आकडा निघतो. विशीत १९४, पन्नाशीत १७३. जलतरणाच्या मास्टर्स स्पर्धांनी हे वास्तव नियमातच घेतले आहे. पंचविशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि वय स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजतात. त्यामुळे डिसेंबरात पंचेचाळीस वर्षे पुरी होणारा माणूस जानेवारीपासूनच वरच्या गटात, म्हणजे त्या गटातला सर्वांत तरुण म्हणून उतरतो, आणि वाढदिवसाची वाट पाहणारे प्रौढ या खेळात भेटतात ते त्यामुळेच. रिले शर्यतीत तर चौघांच्या वयांची बेरीज धरतात: १६० ते १९९, २०० ते २३९, २४० ते २७९ असे गट. पंचावन्न-पंचावन्नचे तिघे असतील तर त्यांची बेरीज १६५ होते, आणि २४० च्या गटात जायला त्यांना पंचाहत्तरीचा चौथा भिडू शोधावा लागतो.