काचेवरची वाफ

आज दादरला एसी लोकलमध्ये चढले आणि चष्मा पुन्हा पांढरा झाला. श्वासाची ऊब नाकाजवळच्या फटीतून वर सरकते आणि गार काचेवर तिचं दव होतं. मास्कची तार नाकावर दाबली, चष्मा त्यावर टेकवला. वाफ हळूहळू विरत गेली. आधी दाराजवळचा खांब दिसला, मग शेजारच्या मावशी. "अजून मास्क लावतेस गं?" त्यांनी मायेनंच विचारलं. मी नुसती मान हलवली.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यात मास्क ऐच्छिक झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. शेजारणींचे चेहरे पुरते दिसले, तेव्हा भरून आलं होतं. मीही काढलाच होता, आईची केमो सुरू होईपर्यंत. तिच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, साधी सर्दीही नको. हे अनोळखी बाईंना दोन स्टेशनांत कसं सांगायचं? आणि सांगायलाच हवं का? डब्यात कुणी खोकलं की माझी नजर तिकडे वळते. मग वाईट वाटतं. त्यांच्याही घरी काही असेल.

घरी आले तर आई जागीच. "आधी चष्मा पूस," म्हणाली. ओढणीच्या टोकानं पुसला. डाव्या काचेवर एक पुसट रेघ राहिलीच.