प्राणहितेतल्या आगबोटींच्या मागावर

आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा. रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी अशी गावं येतात नि जातात, बाकी सगळा साग. गडचिरोलीच्या या टोकाला बाजारात मराठीपेक्षा तेलुगू जास्त ऐकू येते, आणि समुद्राचा तर कुठे मागमूसही नाही. अशा मुलखातल्या नदीच्या तळाशी जहाजाचा जुना दिवा सापडला, तर तो कुठला म्हणायचा? चोरबाजारातून आलेला, असं कुणीही सांगेल. प्राणहितेच्या काठाने फिरल्यावर मात्र हे उत्तर मला घाईचं वाटू लागलं.

त्यासाठी आधी देवलमरीला जायला हवं. अहेरीपासून ते फार लांब नाही. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. खाली देवलमरीपाशी तिचं पात्र खडकांनी भरून जातं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काळे कातळ ओळीने वर येतात आणि नदी त्यांच्यामधून वाट काढते. काठावर जाळं सोडवत बसलेल्या एका ढिवरदादांना विचारलं, इथून मोठी बोट वर जाईल का? ते म्हणाले, "पावसायात जाईन जी, पण गोटे कुठं हायेत ते माहीत पायजे. पानी उतरलं का डोंगाबी अडकते."

नेमका हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज इंजिनिअरांपुढे होता. धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनने गोदावरीला समुद्राकडे जाणारा जलमार्ग मानलं होतं. वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून थेट काकिनाड्याच्या किनाऱ्याला उतरवायचा, अशी ती योजना. कॅप्टन हेग यांनी पाहणी केली आणि पुढे कामही त्यांनीच हाती घेतलं. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा हा देवलमरीचा. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून पाणी अडवायचं, बाजूने कालवा काढायचा आणि लॉकच्या दरवाजांतून बोटी चढवायच्या-उतरवायच्या. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरचा कापूस तुटला आणि या योजनेला जोर आला. गोदावरीत आगबोटी फिरू लागल्या.

सिरोंचाचं नशीबही याच नदीने घडवलं. 1860 च्या तहात निजामाने गोदावरीच्या डाव्या काठाचा प्रदेश इंग्रजांना दिला आणि नदीवरच्या मालाची जकात सोडली. अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा तयार झाला. त्याचं मुख्यालय सिरोंचा. आज तालुक्याचं गाव म्हणून शांत पडलेलं हे ठिकाण तेव्हा एका जलमार्गाचं नाकं होणार होतं. नदीकाठच्या उंचवट्यावरून समोर कालेश्वरमला प्राणहिता-गोदावरीचा संगम दिसतो, तेव्हा ही जागा का निवडली असेल हे सांगावं लागत नाही.

पण खडक फोडायला माणसं मिळेनात, आली ती तापाने पडू लागली. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला मुंबईची सरळ वाट मिळाली. 1871 मध्ये काम थांबलं. तीन वर्षांनी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात गेलं. दुम्मागुडेमचा बंधारा मात्र अजून उभा आहे.

म्हणून या खोऱ्यात जहाजी दिवा निघाला तर मी तो आधी नीट वाचेन. 1863 च्या नियमांपासून डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा ही रीत पक्की झाली. बाजूच्या दिव्याची काच अर्धवर्तुळाहूनही कमी भाग उजळते, डोलकाठीच्या दिव्याची त्याच्या दुप्पट. नांगराचा दिवा चहूकडे दिसतो. म्हणजे रंग उडाला तरी काचेच्या घेरावरून दिव्याची जागा कळते. आतला बर्नर वनस्पती तेलाचा की रॉकेलचा, यावरून काळाचा अंदाज येतो. आणि कारखान्याची पट्टी असेल तर तिच्याइतका बोलका साक्षीदार नाही. गोव्याच्या समुद्रात, सेंट जॉर्ज रीफपाशी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजाचा माल सापडला. त्यातल्या कौलांवर बासेल मिशन टाइल वर्क्सचा 1865 सालचा छाप होता. जहाजाचं नाव कळलं नाही. माल कुठला आणि कोणत्या वर्षानंतरचा, हे कळलं. शोभेसाठी घडवलेले नवे पितळी दिवे बाजारात ढिगाने आहेत, त्यामुळे ही पारख फार जपून करावी लागते.

सिरोंचा तालुक्याला अशी ओळख पटवण्याची जुनी सवय आहे. प्राणहितेकाठच्या कोटा गावाजवळ खडकात माशांचे अवशेष सापडले. त्यांची जाड, चकचकीत खवलं बघून लंडनमध्ये सर फिलिप एजर्टन यांनी 1851 साली त्या माशाला दख्खनचं नाव दिलं. तो माणसाच्या कितीतरी आधी, डायनासोरच्या काळी इथल्या पाण्यात पोहत होता. वडधमच्या जीवाश्म उद्यानात उभं राहिलं की हा काळ हाताच्या अंतरावर येतो.

कालेश्वरमच्या संगमाखाली आता मेडीगड्डाचा बंधारा आहे. 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले, तेव्हापासून हा बंधारा सतत चर्चेत आहे. पात्रात उकरणं, उपसणं चालू राहणार, आणि त्यातून लोखंड-पितळ वर येणार. ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी कुणीतरी पाहावं, अशी माझी कळकळ आहे. सापडलेला दिवा चिंच-राखेने घासू नये. नावाची पट्टी त्याच घासण्यात झिजते. सापडल्या जागेचा फोटो घ्यावा, जवळचा खडक, गाव आणि तारीख लिहावी, आणि तहसील कार्यालयात कळवावं. देवलमरीच्या कातळात सापडलेला दिवा आणि दुकानातून आणलेला दिवा यांतला फरक याच नोंदीतून सिद्ध होतो.